जर्मनांची ‘हायमाट’ आणि डहाणू-तलासरीतला वारली: गाव नेमकं कुणाचं असतं?

कुठल्याही मराठी माणसाला विचारा, ‘तुमचं गाव कुठलं?’ तीन पिढ्या डोंबिवलीत काढलेला माणूसही पटकन सांगतो, ‘आमचं मूळ गाव संगमेश्वरकडचं.’ तिथलं घर पडलेलं असतं, सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं लागलेली असतात, शिमग्याला पालखी नाचवायला जाणं होतं तेवढंच. तरी गाव ते गाव.

या भावनेसाठी जर्मन भाषेत एक शब्द आहे. हायमाट. घर, गाव, मुलूख, मायभूमी, आपली माणसं, लहानपणीचा वास असं सगळं त्या एका शब्दात येतं. जर्मन लोक अभिमानानं सांगतात की याचं भाषांतर होत नाही. या शब्दावरून तिथं गेली दोनशे वर्षं कविता झाल्या, सिनेमे झाले, भांडणं झाली आणि एकदा तर त्याच्या नावाखाली माणसंही मारली गेली.

आता तुम्ही म्हणाल, याचा डहाणू-तलासरीशी काय संबंध? संबंध आहे. पण आधी दोन मिनिटं जर्मनीत जाऊन येऊ.

गंमत अशी की हायमाट हा शब्द कवींच्या हातात पडण्याआधी सरकारी कागदात होता. १९ व्या शतकात जर्मन राज्यांत ‘हायमाटरेश्ट’ नावाचा हक्क असायचा. म्हणजे गाववालेपणाचा हक्क. तुम्ही आजारी पडलात, भिकेला लागलात, म्हातारपणी कुणी उरलं नाही, तर तुम्हाला कोणत्या गावानं पोसायचं हे त्यावरून ठरायचं. ज्याच्याकडे हा हक्क नाही त्याला गावाबाहेर काढता यायचं. दक्षिणेकडच्या काही राज्यांत तर गरीब माणसाला लग्न करायलाही गावाची परवानगी लागायची, कारण उद्या त्याची पोरं पोसायची कुणी? सुरुवातीला हा शब्द इतका रोकडा होता. तू इथं राहू शकतोस का आणि इथं मरू शकतोस का, एवढाच प्रश्न.

मग कारखाने आले, लोक गावं सोडून शहरात गेले आणि मागं राहिलेलं गाव एकदम सुंदर दिसायला लागलं. हे आपल्याकडेही झालंय, गिरणगावातून कोकणाकडे बघताना झालंय. पुढे नाझींनी याच भावनेला ‘रक्त आणि माती’ची घोषणा जोडली. ज्यांचं रक्त आमचं नाही त्यांचा या मातीवर हक्क नाही, असा त्याचा अर्थ. ज्यू कुटुंबं तिथं शेकडो वर्षं राहत होती. ती एका रात्रीत परकी ठरली.

१९४५ नंतर फासे उलटे पडले. पूर्व युरोपातून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना स्वतःची गावं सोडावी लागली. गुंटर ग्रास हा लेखक त्यातलाच. त्याचं डान्झिग शहर पोलंडमध्ये गेलं आणि तो आयुष्यभर त्याच शहराबद्दल लिहीत राहिला. सिगफ्रीड लेन्झ यानं १९७८ साली ‘हायमाटम्युझियम’ नावाची कादंबरी लिहिली. त्यातला नायक हरवलेल्या गावाच्या आठवणींचं संग्रहालय जपतो आणि शेवटी स्वतःच्या हातानं ते जाळून टाकतो. कारण त्या आठवणी आता द्वेष पसरवण्यासाठी वापरल्या जाणार, हे त्याला कळून चुकतं.

आणि एक झाँ अमेरी. व्हिएन्नात जन्मलेला, ऑशवित्झमधून जिवंत परतलेला. माणसाला किती हायमाट लागते, असा थेट प्रश्न त्यानं १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या एका निबंधात विचारला. त्याचं म्हणणं साधारण असं की ज्याच्याकडून ती हिसकावली गेलीय त्यालाच तिचं वजन कळतं. ज्याच्याकडे आहे त्याला ती हवेसारखी असते, जाणवतही नाही.

हे वाक्य डोक्यात ठेवा आणि आता डहाणू रोड स्टेशनवर उतरा.

पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या. पूर्वेला डोंगर आणि पाडे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी, आणि तलासरीत तर नऊ. त्यात सगळ्यात मोठी संख्या वारल्यांची. वारल्यांच्या श्रद्धेत तीन आया मानल्या जातात, धरतरी, कणसरी आणि गावतरी. म्हणजे जमीन, धान्य आणि गाय. जमीन ही आईच असेल तर तिचा मालक कोण होणार? हा प्रश्नच वारल्यांना पडला नव्हता. तो पडला नाही, तिथंच घात झाला.

इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, सारा रोख पैशात मागितला. जंगलाचे कायदे आले आणि डोंगरउतारावर राब जाळून शेती करणं गुन्हा ठरला. १८७८ च्या आबकारी कायद्यानं घरची मोहाची दारू बेकायदा झाली. म्हणजे जी वस्तू आजवर अंगणात बनायची, ती आता ठेकेदाराच्या गुत्त्यावर विकत घ्यायची. रोख पैसा वारल्याकडे नव्हता, सावकाराकडे होता. सावकार सगळ्या जातीधर्मांचे होते, पारशी, इराणी, मारवाडी, गुजराती, ब्राह्मण, मुसलमान. उगाच एकावर खापर नको. काही दशकांत अशी गत झाली की माणूस त्याच पाड्यात, त्याच झोपडीत, तेच शेत कसतोय, पण कुळ म्हणून. गाव तेच राहिलं आणि माणूस मात्र त्यात उपरा झाला.

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लग्नगडी. लग्नाला पैसे हवेत म्हणून तरुण मुलगा सावकाराकडून कर्ज घ्यायचा. ते फेडायला तो आणि त्याची बायको सावकाराच्या शेतावर राबायची. पगार नाही, पोटाला थोडं धान्य. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वाचता कुणाला येत होतं? कर्ज काही फिटायचं नाही. दक्षिण जर्मनीतल्या गरिबाला गाव लग्नच करू देत नव्हतं. इथं लग्न करू देत होते, पण बदल्यात आख्खं आयुष्य लिहून घेत होते. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं आदिवासींच्या स्थितीवर मुंबई सरकारला अहवाल दिला. त्यात ही वेठबिगारी नोंदलेली आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं.

आणि मग येतं १९४५ साल.

जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथपर्यंत पोहोचले. त्यांचं ऐकून गोदावरी आणि शामराव परुळेकर हे जोडपं या भागात आलं. गोदावरीबाई पुण्याच्या घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या काळी अशी बाई डोंगरातल्या झोपडीत येऊन राहते, जमिनीवर झोपते, आहे ते खाते, हेच लोकांना नवल होतं. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद झाली. हजारो माणसं आली. वेठ करायची नाही, लग्नगडी संपला, असं तिथं ठरलं. आणि खरोखरच लोक गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना मोकळं करत गेले. कोर्ट नाही, हुकूम नाही. पिढ्यान् पिढ्यांची गुलामी काही आठवड्यांत मोडली.

पावसाळा संपल्यावर गवत कापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चारजण गेले. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं. ज्या प्रदेशात कुणी हक्कानं राहायचं यावरून भांडण चाललं होतं, तिथून त्यांनाच हद्दपार केलं.

गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७० साली ते आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ते चळवळीचं पुस्तक म्हणून वाचतात. आमच्या मते ते मराठीतलं ‘आपलं गाव’ या विषयावरचंही महत्त्वाचं पुस्तक आहे. मराठीत गावावर लिहिणारे बहुतेक लेखक गाव सोडून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या लिखाणात गाव आठवणीतून येतं. या पुस्तकातल्या लोकांनी गाव कधी सोडलंच नव्हतं. ते त्यांना पायाखाली असूनही मिळालेलं नव्हतं.

आता गोष्टीची दुसरी बाजू. कारण डहाणूत बाहेरून आलेल्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती खोटी नाही.

तलासरीच्या उत्तरेला, आज गुजरातेत असलेलं संजाण. इराणमधून निघालेले पारशी पहिल्यांदा इथं उतरले अशी परंपरा सांगते. दुधात साखर विरघळवण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पण १५९९ साली लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ती साखर नाहीच! तिथं आहेत राजाच्या अटी. इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा. म्हणजे परक्या माणसानं ‘इथला’ होण्यासाठी काय द्यायचं, याची यादी. पुढे संजाण पडलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी घेऊन बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत आसरा घेतला. तिथं तो अग्नी १२ वर्षं जपला, असं किस्सा सांगतो. आज तो उदवाड्याला आहे, पण बहरोटला अजून पारशी येतात. आपल्या धर्माचा अग्नी दुसऱ्याच्या डोंगरानं सांभाळला, ही आठवण ते विसरलेले नाहीत.

१९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला झोरोस्ट्रियन लोकांची आणखी एक लाट आली. यझ्द आणि केरमान भागातले हे लोक. तिकडे छळ आणि गरिबी. आपण यांना इराणी म्हणतो. काहींनी मुंबईत चहाची दुकानं टाकली, काही डहाणू-घोलवड-बोर्डीला आले आणि बागायतीत शिरले. डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या कुटुंबांची मेहनत मोठी आहे. आणि त्या वाड्यांतली मजुरी कुणाची? वारल्यांची.

मूळचा मुंबईचा, आता कॅनडात राहणारा लेखक अनोश इराणी यानं २०१० साली ‘डहाणू रोड’ नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली. चिकूच्या वाडीचा मालक असलेलं इराणी कुटुंब, त्यातला नातू आणि वाडीवरच्या वारली मजुराची मुलगी. निर्वासित म्हणून आलेल्या आजोबांनी जमीन मिळवली, पण कुणाकडून, कशी, हा प्रश्न नातवाला गप्प बसू देत नाही. म्हणजे जर्मन लेखकांच्या युद्धानंतरच्या पिढीनं आपल्या आईबापांना जो प्रश्न विचारला, तोच. स्वतः घर हरवून आलेला माणूस दुसऱ्याचं घर घेऊ शकतो का? इतिहास सांगतो की घेऊ शकतो. तेही मनात काही वाईट नसताना.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आपण पेढे वाटले. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका फाटला. ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातेत गेली, २७ गावं इकडे राहिली. ती आधी डहाणूला जोडली आणि १९६१ साली त्यांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. म्हणजे तलासरी तालुका हा वाटणीतून उरलेला तुकडा आहे. वारल्यांची सोयरीक दोन्हीकडे, बोली एकच. मात्र शाळेत इकडच्या पोराला मराठी आली, तिकडच्याला गुजराती. घरी दोघंही वारली बोलतात, आणि तिला लिपी नाही.

भाषेचं हे कोडं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना फार लवकर दिसलं होतं. आदिवासी मूल शाळेत येत नाही, ते गुरं राखायला कुरणात जातं. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. अंगणवाडीचं मूळही याच कामात आहे. मुलाला त्याच्या जागेवरून न उचलता शिकवायचं, ही कल्पना आज साधी वाटते. तेव्हा ती अजिबात साधी नव्हती.

आता एक गंमत बघा. वारली जगभर पोहोचला तो जमिनीमुळे नाही, भिंतीमुळे. गेरूनं लिंपलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहायचा, मध्ये पालघाट देवी. हे काम सवाष्णींचं. १९७० च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाबाहेरही, रोज, कागदावर चित्रं काढायला घेतली. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पलास्ट संग्रहालयात त्यांचं काम रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत मांडलं गेलं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले.

ज्या देशाला हायमाट शब्दाचा इतका त्रास झाला, त्या देशातल्या प्रेक्षकांनी या चित्रांत काय पाहिलं असेल? माणसं, झाडं, मुंग्या, तारप्याभोवती फिरणारी रांग. सगळे साधारण एकाच मापाचे. कुठेही कुंपण नाही, सीमेची रेघ नाही. आज हीच चित्रं विमानतळाच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर दिसतात. ज्या भिंतीवरून ती उतरली ती भिंत कुणाच्या नावावर आहे, हे कप विकत घेणारा विचारत नाही.

आणि हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. कूळकायद्यानं १९५७ नंतर बऱ्याच वारल्यांना कसत असलेली जमीन मिळाली, सगळ्यांना नाही. मिळाली तीही भात पिकवून वर्षभर पुरेल एवढी नसते. म्हणून भातकापणी झाली की पाडे रिकामे होतात. वीटभट्टी, रेतीची कामं, बोटी, वापी-उंबरगावचे कारखाने. या पट्ट्यात याला म्हणतात ‘जगायला जाणं’. पोरं कुठं गेली? जगायला गेली. शब्द नीट ऐका. जिथं आपलं गाव आहे तिथं जगता येत नाही, जगायला बाहेर जावं लागतं, आणि होळीला परत यायचं असतं. हायमाट या शब्दावर जर्मनांनी लिहिलेल्या कितीतरी पानांपेक्षा हे दोन शब्द जास्त सांगतात.

त्यात आता मोठे प्रकल्प. १९९१ साली केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव या प्राधिकरणानं १९९८ साली नाकारला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली, जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. सरकार म्हणतं १२ लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल. किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात, समुद्रात भराव टाकलात तर आमचं मासे मारायचं ठिकाणच जाईल. इथं अडचण अशी की जमीन गेली तर मोबदल्याला सातबारा तरी असतो. समुद्राचा सातबारा नसतो. बापजाद्यांपासून कुठल्या खडकाजवळ कोणता मासा लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याचं नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं? बंदर व्हावं की नाही यावर डहाणूतही एकमत नाही, बाहेर तर नाहीच. पण हा रकाना फॉर्मवर नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करायला हरकत नसावी.

जर्मनीत याचा जुळा भाऊ आहे. पूर्वेकडच्या लाउझित्झ भागात सोर्ब नावाचा छोटा स्लाव्ह समाज राहतो, त्यांची भाषा जर्मन नाही. १९१२ साली त्यांनी स्थापन केलेल्या संघटनेचं नाव ‘दोमोविना’, अर्थ मायभूमी. त्यांच्या जमिनीखाली कोळसा निघाला आणि त्या पट्ट्यातली शंभराहून जास्त गावं पूर्ण किंवा अर्धी खाणीत गेली. होर्नो हे गाव बरीच वर्षं कोर्टात लढलं आणि हरलं. गावकऱ्यांना फोर्स्ट शहरालगत नव्या वसाहतीत हलवलं, चर्चही नवं बांधून दिलं. तिथं आता नाहीशा झालेल्या गावांचं एक दफ्तरखाना-संग्रहालय आहे. जमिनीवर अंथरलेल्या नकाशावरून चालत लोक आपलं गेलेलं गाव शोधतात.

आपल्याकडे गाव जाण्याआधी ते आपलं होतं हे सिद्ध करायची एक वाट कायद्यानं ठेवली आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना फक्त सरकारी कागदच पुरावा लागत नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय की गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी नोंदवलेला जबाब चालतो. घातलेले बांध चालतात. जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचं ठिकाण, वंशावळ, हे सगळं चालतं. ग्रामसभेनं एकाच प्रकारच्या कागदासाठी अडून बसायचं नाही, असंही त्यात आहे. अट एवढीच की आदिवासीनं ती जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात ठेवलेली असावी.

म्हणजे तलासरीच्या एखाद्या पाड्यात वनहक्क समितीची माणसं येतात, तेव्हा बरोबर एखादी म्हातारी चालत असते. ती काठीनं दाखवते, हा बांध सासऱ्यानं घातला, तो वाघदेव, आणि पलीकडे त्या झाडाखाली आमची माणसं पुरलीत. कुणीतरी ते वहीत लिहून घेतं.